जपानमधल्या छोट्या डोंगरांवर हिवाळी भटकंती: तोक्योहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी

तोक्यो-योकोहामाला नव्याने राहायला आलेला सह्याद्रीतला ट्रेकर पहिल्या हिवाळ्यात बहुधा दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर थंडीला बिचकून मार्चपर्यंत घरात बसतो, नाहीतर "तीनशे मीटरची टेकडी, त्यात काय!" म्हणत जीन्स घालून दुपारी बारा वाजता चढायला लागतो.

खरं तर कांतो भागातल्या (तोक्यो आणि भोवतालचा मुलूख) २०० ते ९०० मीटर उंचीच्या डोंगरांचा हंगामच डिसेंबर ते फेब्रुवारी हा आहे. सायबेरियाकडून येणारे वारे जपान समुद्रावरून बाष्प उचलतात, ते नीगाताच्या बाजूच्या डोंगरांवर बर्फ म्हणून टाकतात आणि कोरडे होऊन इकडे उतरतात. त्यामुळे तिकडे छपरापर्यंत बर्फ असताना इकडे आठवडाभर निळं आकाश असतं. पानगळ झालेली असते, धारेवरून फुजी दिसतो. उन्हाळ्यात तांझावा आणि चिबाच्या डोंगरांत पायाला चिकटणाऱ्या जळवा आणि गांधीलमाश्या या दिवसांत नसतात.

या डोंगरांची उंची कधीच नडत नाही. नडतं ते घड्याळ आणि उतरण.

१. डोंगर कोणता घ्यायचा

पहिल्या दोन-तीन खेपांसाठी साधे निकष ठेवा: पॅसिफिकच्या बाजूचा डोंगर, उंची ६०० मीटरच्या आत, नकाशावरची चाल तीन-साडेतीन तासांची, आणि सुरुवात व शेवट दोन्ही रेल्वे स्टेशनवर. बसवर अवलंबून असलेला डोंगर नंतर करा.

कोबोयामा (२३५ मीटर, कानागावा): सुरुवातीला यापेक्षा चांगला डोंगर सुचवता येणार नाही. शिंजुकूहून ओदाक्यू लाइनने सुमारे सव्वा तासात हादानो. तिथून वीस-पंचवीस मिनिटं गावातून चालत पायथा, मग थोडा खडा चढ चढून गोंगेनयामा (२४३ मीटर). या माथ्यावरच्या मनोऱ्यावरून फुजी आणि सागामी उपसागर दोन्ही दिसतात. पुढे चेरीच्या झाडांमधून जाणारी रुंद धार, कोबोयामाचा माथा, मग आझुमायामावरून उतरून थेट त्सुरुमाकी-ओन्सेन स्टेशन. एकच गोष्ट सांभाळा: कोबोयामानंतर झेन्बा खिंडीजवळ नेन्बुत्सुयामा आणि ओयामाकडे जाणारा फाटा लागतो. तो मोठ्या डोंगरांकडे चढत जातो. आपल्याला आझुमायामा आणि त्सुरुमाकी-ओन्सेन लिहिलेली पाटी धरायची आहे.

हिवादायामा (३०५ मीटर, सैतामा): सेइबू इकेबुकुरो लाइनवरचं कोमा स्टेशन. खाली दोन वाटा फुटतात: पुरुषांची म्हणवणारी वाट खडकांवरून हात लावत चढते, बायकांची म्हणवणारी वळणं घेत जाते. दोन्ही माथ्याखालच्या कोतोहिरा देवळाच्या तोरणाशी येतात. दृश्य तिथूनच आहे, माथ्यावरून कमी. पुढे मोनोमियामा (३७५ मीटर) करून मुसाशी-योकोते स्टेशनला उतरता येतं.

नोकोगिरीयामा (३२९ मीटर, चिबा): हामाकानाया स्टेशनपासून. जुन्या दगडखाणींचे उभे कापलेले कडे आणि खाली समुद्र. पायऱ्या फार, आणि ओल असली की त्या साबणासारख्या होतात. कुरिहामाहून फेरीबोटीने तोक्यो उपसागर ओलांडून चाळीस मिनिटांत कानायाला उतरता येतं. ती मजा वेगळीच.

ताकाओ (५९९ मीटर) सगळ्यांना माहीत आहे, पण १ जानेवारीला टाळा. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य बरोबर फुजीच्या माथ्यावर मावळतो, तेव्हाही तिथे झुंबड उडते आणि उतरताना पूर्ण अंधार असतो. त्याऐवजी डिसेंबर-जानेवारीत कडाक्याच्या थंडीच्या सकाळी नऊच्या आत माथ्याच्या आसपासच्या सावलीतल्या वाटांवर जा. तिथे तुळशीच्या कुळातलं शिमोबाशिरा नावाचं रोपटं असतं. वरून वाळलेलं, पण मुळं अजून पाणी ओढत असतात. ते पाणी दांड्याच्या चिरांतून बाहेर येताना गोठतं आणि जमिनीलगत कागदासारख्या पातळ पांढऱ्या झालरी तयार होतात. ऊन आलं की गेल्या. हात लावू नका, मोडतात.

त्सुकुबा (८७७ मीटर) आणि जिनबा (८५५ मीटर) हे दोन-तीन डोंगर झाल्यानंतर. त्सुकुबाच्या माथ्याजवळच्या खडकांवर जानेवारीत बर्फाचा पापुद्रा असू शकतो. जिनबा ते ताकाओ ही सलग वाट सुंदर आहे, पण चालच सहा तासांच्या आसपास. डिसेंबरमध्ये नवख्याने ती घेऊ नये.

२. वेळ शेवटाकडून मोजा

डिसेंबरच्या सुरुवातीला तोक्योत सूर्य साडेचारच्या आधीच मावळतो. जानेवारीअखेर पाचच्या थोडं पुढे. पण हे झालं मोकळ्या आकाशाचं. कांतोचे डोंगर सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांच्या दाट लागवडीने झाकलेले आहेत आणि ही झाडं पानं गाळत नाहीत. त्या रानात, त्यातही पूर्व उतारावर, साडेतीनलाच वाट दिसेनाशी होते.

म्हणून नियम असा: तीन वाजता डांबरी रस्त्यावर. मग उलटं मोजा.

नकाशांवर दोन ठिकाणांमधल्या चालीची मिनिटं छापलेली असतात. त्यात विश्रांती, जेवण, फोटो काही धरलेलं नसतं. नवख्यांनी त्याला १.३ ने गुणायचं आणि वर एक तास टाकायचा. कोबोयामाचं उदाहरण घ्या: नकाशावर अडीच तास, गुणल्यावर सव्वातीन, अधिक एक तास म्हणजे सव्वाचार. सव्वादोनला त्सुरुमाकीला पोचायचं तर दहाला हादानो स्टेशन सोडायला हवं, म्हणजे शिंजुकूहून साडेआठ-पावणेनऊची गाडी. दहाऐवजी साडेअकरा वाजले तर पाऊण तासाची शिल्लक तर गेलीच, शिवाय शेवटचा पाऊण तास सावलीतल्या रानात जाणार. तेव्हा बेत बदला, गोंगेनयामाला जाऊन आल्या वाटेने परत फिरा.

रात्री चढून पहाट माथ्यावर बघायची सवय इथे गुंडाळून ठेवा.

३. गाडी आणि बस

बसने जायचं असेल तर तीन ठिकाणी गफलत होते. वेळापत्रकात कामाच्या दिवसांचा आणि शनिवार-रविवार-सुट्ट्यांचा असे वेगळे रकाने असतात, आणि माणूस चुकीचा वाचतो. जपानी सणाची सुट्टी सोमवारी आली तर सुट्टीचा रकाना बघायचा. दुसरं, डोंगराकडे जाणाऱ्या काही बसगाड्या हिवाळ्यात बंदच असतात. तिसरं म्हणजे परतीची शेवटची बस. ती चार-साडेचारलाही असू शकते. पायथ्याच्या थांब्यावर उतरल्या उतरल्या परतीच्या बाजूच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि शेवटच्या आधीची बस आपली शेवटची समजा.

सुइका-पास्मो कार्ड गावाकडच्या सगळ्या बसमध्ये चालतंच असं नाही. हजार येनच्या नोटा आणि १०० येनची नाणी ठेवा. दहा हजारांची नोट बसमधल्या यंत्रात मोडून मिळत नाही.

४. आदल्या दिवशीची कामं

हवामान दोनदा बघायचं. तोक्योचा नाही, पायथ्याच्या गावाचा अंदाज घ्या. दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं, म्हणजे ५०० मीटरवर फरक फक्त तीन अंशांचा. वारा जास्त छळतो: सेकंदाला एक मीटर वाऱ्यामागे अंगाला एक अंश जास्त थंड वाटतं. धारेवर सेकंदाला दहा मीटर वारा सांगितला असेल तर बेत पुढे ढकला.

जानेवारी ते मार्चमध्ये एक वेगळा प्रकार होतो. कमी दाबाचा पट्टा होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या दक्षिण किनाऱ्याने सरकतो आणि एरवी कोरड्या असलेल्या कांतोवर बर्फ पडतो. शहरात तीन-चार अंशांवर पाऊस सांगितला असेल तर डोंगरावर बर्फ आहे असंच धरा. शहरातला बर्फ दोन दिवसांत जातो. उत्तर उतारावरचा मात्र दिवसा थोडा वितळून रात्री पुन्हा गोठत दोन आठवडेही टिकतो.

नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. यामाप आणि यामारेको ही दोन अॅप सगळे वापरतात. नेटवर्क नसलं तरी उतरवलेल्या नकाशावर आपली जागा दिसते. त्याच मार्गावर गेल्या आठवड्यात कोणी गेलं असेल तर त्यांनी टाकलेले फोटो बघा. जपानी वाचता आलं नाही तरी जमिनीवर बर्फ आहे का हे फोटोत कळतं.

मग नोंदणी. कॉम्पास या ऑनलाइन सेवेवर नाव, मार्ग, उतरायची वेळ आणि घरच्यांचा संपर्क भरता येतो. काही पायथ्यांशी कागद टाकायची पेटीही असते. छोट्या डोंगराला हे सक्तीचं नसतं, म्हणून बहुतेक जण टाळतात. पण माणूस कुठल्या डोंगरावर गेलाय हेच माहीत नसेल तर शोधपथक सुरुवात करणार कुठून?

बरोबर ठेवायची कागदपत्रं: राहणाऱ्यांनी झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र, ते कायद्यानेच कायम जवळ लागतं), पर्यटकांनी पासपोर्ट, आरोग्य विम्याचा पुरावा, आणि एका चिठ्ठीवर नाव, रक्तगट, आपत्कालीन संपर्क जपानीत लिहून. पोलीस आणि अग्निशमन दलाच्या सुटकेचे सहसा पैसे पडत नाहीत, पण खासगी शोधपथकाचे पडतात. सैतामात ठरावीक डोंगरांवर हेलिकॉप्टरने सुटका झाली तर २०१८ पासून शुल्क घेतात. डोंगर-विमा दिवसापुरताही मिळतो, रक्कम किरकोळ असते.

५. कपडे आणि बूट

सुती काही नको: ना बनियन, ना जीन्स. चढताना घाम येणारच. माथ्यावर थांबलात की तोच ओला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. शहरात घालायचे "गरम" आतले कपडेही नकोत. त्यात रेयॉन असलं तर ते घाम धरून ठेवतं. आत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. पातळ डाउन जाकीट सॅकमध्येच ठेवायचं आणि थांबल्याक्षणी, थंडी वाजायच्या आधी, चढवायचं. चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजली पाहिजे; स्टेशनवरच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे.

कानटोपी, गळ्याभोवती गुंडाळायला काहीतरी, हातमोज्यांचे दोन जोड. एक ओला होतोच.

बुटांबद्दल जरा थांबून वाचा. भारतातून आणलेले, चार-पाच वर्षं खोक्यात ठेवलेले ट्रेकिंगचे बूट दिसायला नवे असतात, पण तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने आतून कुजलेला असतो. न वापरताही कुजतो. अर्ध्या वाटेत अख्खा सोल सुटून हातात येतो. घरीच तळव्याच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबून बघा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर टाकून द्या. वर्कमनसारख्या कामगारांच्या दुकानांत चालण्यासारखे बूट स्वस्तात मिळतात.

६. सॅकमध्ये काय

हेडटॉर्च आणि जास्तीची बॅटरी, कितीही लवकर परतायचं असलं तरी. पॉवरबँक, थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात अंगाजवळ. बुटांवर ओढून चढवायचे साखळीचे काटे, म्हणजे चेन स्पाइक: ३,००० ते ६,००० येनला मिळतात आणि बर्फ पडून गेल्यानंतरचे दोन आठवडे त्यांच्याशिवाय निघू नका. पाणी एक लिटर, त्यातलं अर्धं थर्मासमध्ये गरम. खिशात ठेवायच्या गरम पुड्या (काइरो), शिट्टी, पट्टी-मलम, रेनकोट, कचऱ्याची पिशवी, टॉयलेट पेपर. पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून डोंगरावरची काही स्वच्छतागृहं हिवाळ्यात बंद ठेवतात, तेव्हा स्टेशनवरच उरकून घ्या.

खाणं: दुकानातली ओनिगिरी सगळे नेतात, पण शाकाहाऱ्यांनी जपून. उमेबोशीच्या ओनिगिरीतही कित्येकदा कात्सुओ या माशाची सुकट मिसळलेली असते. त्यापेक्षा चपातीचा रोल, शेंगदाण्याची चिक्की, गुळाचा लाडू यांना तोड नाही. हातमोजे न काढता खाता येतात. डोंगरावर कचराकुंडी नसते. केळ्याची सालसुद्धा घरी न्यायची.

गॅसची शेगडी नेऊ नका. हिवाळ्यात इथलं रान काडीसारखं वाळलेलं असतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तोचिगीतल्या आशिकागा शहरामागच्या र्योगाइसान या जेमतेम २५१ मीटरच्या डोंगरावर हायकिंगच्या वाटेवरच्या विसाव्याजवळून वणवा लागला आणि १०० हेक्टरहून जास्त रान जळालं. थर्मासमधलं पाणी कपात ओतून नूडल्स होतात, पुरे.

७. पायाखाली काय चाललंय

सकाळी आठला माती दगडासारखी असते. सावलीत तर बर्फाच्या बारीक काड्या वरचा मातीचा थर दोन-तीन बोटं उचलून धरतात आणि पावलाखाली कर्रकर्र मोडतात. अकराला ऊन लागलं की त्याच काड्या वितळतात. कांतोची माती ज्वालामुखीच्या राखेची, तांबूस आणि चिकट; तिचा असा राडा होतो की बुटाच्या खाचा भरून सोल गुळगुळीत होऊन जातो. सकाळी सहज चढलेली वाट दुपारी उतरताना घसरगुंडी होते ती अशी. खोडावर बूट आपटून खाचा मोकळ्या करत चला, पावलं छोटी टाका, आणि टाचेवर जोर देऊन उतरू नका.

सुकी पानंही फसवतात. घोट्यापर्यंत साचलेल्या पानांखाली मूळ आहे, दगड आहे की खड्डा, कळत नाही. शिवाय पानांनी वाटच झाकून जाते. मळलेली वाट कुठली आणि पानांचा नुसता पट्टा कुठला, हे दहा पावलांवरून सारखंच दिसतं.

८. वाट चुकते कुठे

जपानमधल्या डोंगरी अपघातांत सगळ्यात मोठा वाटा वाट चुकण्याचाच आहे, आणि ती छोट्या डोंगरांवर जास्त सहज चुकते. चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडेच जातात. उतरताना मात्र एकाच माथ्यावरून पाच सोंडा पाच गावांत उतरतात. त्यात लाकूडतोडीच्या वाटा, विजेच्या मनोऱ्यांकडे जाणाऱ्या वाटा, आणि आपल्याकडच्या ढोरवाटांसारख्या रानडुकरांच्या वाटा. "मामा, गावात कुठली वाट जाते?" असं विचारायला इथे आडवारी चिटपाखरूही भेटत नाही.

झाडांना बांधलेल्या गुलाबी फितींवर भरवसा ठेवू नका. काही वाट दाखवायला बांधलेल्या असतात, तर काही वनकामगारांनी तोडायच्या झाडांना किंवा हद्दीच्या खुणेला. फितीमागून फीत करत माणूस सरळ लागवडीच्या पोटात जातो. प्रत्येक फाट्यावर थांबून अॅपमध्ये आपला ठिपका रेषेवर आहे का बघा, आणि पाटीचा फोटो घ्या.

दोरी आडवी बांधून "त्सूकोदोमे (通行止め)" असं लिहिलं असेल तर वाट बंद आहे, पुढे कडा ढासळलेला किंवा पूल गेलेला असतो. ओलांडू नका. "इकिदोमारी (行き止まり)" म्हणजे पुढे वाट नाही. "उकाइरो (迂回路)" म्हणजे वळसा घालून जाणारी पर्यायी वाट. हे शब्द जपानी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा. डोंगरावर भाषांतराच्या अॅपला नेटवर्क मिळेलच असं नाही.

चुकलात तर शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे फिरा, मग त्यासाठी पुन्हा अर्धा तास चढावं लागलं तरी. ते शक्य नसेल तर धारेकडे वर जा. ओढ्याच्या घळीत उतरायचा मोह होतो, कारण पाणी गावाकडेच जाणार असं वाटतं. जातंही. पण मध्ये धबधबे आणि माती अडवायला बांधलेले सिमेंटचे उंच बंधारे असतात. त्यावरून उतरता येत नाही, मागे फिरायची ताकद उरलेली नसते, आणि घळीत फोनही लागत नाही. अंधार पडलाच तर चालणं थांबवा, असतील ते सगळे कपडे घाला आणि ११० (पोलीस) किंवा ११९ (अग्निशमन आणि रुग्णवाहिका) ला फोन करून अॅपमधले अक्षांश-रेखांश वाचून दाखवा.

९. शिकारी आणि अस्वलं

होन्शूत शिकारीचा हंगाम साधारण १५ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी असतो. रानडुक्कर आणि हरणासाठी बऱ्याच प्रांतांत तो वाढवतात. तपकिरी, पांढरे कपडे टाळा. भगवं किंवा भडक पिवळं काहीतरी वर असू द्या आणि वाट सोडून झाडीत शिरू नका.

अस्वलं थंडीत गुहेत असतात, पण सगळी नाही आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तर नाहीच. घंटा बांधा. होन्शूत अस्वलांची वस्ती नसलेला प्रांत एकच, चिबा. फारच भीती वाटत असेल तर नोकोगिरीयामापासून सुरुवात करा.

१०. उतरल्यावर

त्सुरुमाकी स्टेशनजवळ हादानो शहराचं कोबो-नो-सातो-यू हे सार्वजनिक ओन्सेन (गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह) आहे, ताकाओच्या पायथ्याच्या स्टेशनला लागूनही एक आहे. साप्ताहिक सुट्टीचा दिवस आधी बघून ठेवा. बुटांचा चिखल बाहेरच झटका. टॅटू असेल तर प्रवेश मिळतो का हे आधी पाहा. फेब्रुवारीच्या मध्यापासून सुगीच्या झाडांचे परागकण उडायला लागतात. ज्यांना त्रास होतो त्यांनी मास्क लावावा आणि ट्रेनमध्ये बसण्याआधी जाकीट झटकावं.

आणि पाण्यात उतरायच्या आधी कॉम्पासवर "उतरलो" ही नोंद करा. ठरलेल्या वेळेनंतर नोंद आली नाही तर घरच्यांना इशारा जातो, आणि तुमचा फोन त्या वेळी लॉकरमध्ये असतो.